मेट्रो मंडईपर्यंत आली, आता आईला पेठेतच राहू द्या



पुण्याच्या मेट्रोबद्दल मी काही लिहावं, असं बऱ्याच जणींनी सुचवलं होतं. मढसारख्या गावात बसून मी मेट्रोवर काय लिहिणार, असंही एकीने विचारलं. तिचंही बरोबर आहे. आमच्याकडे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या आणि वेळेवर न येणारी एसटी. पण माझं माहेर पुण्याच्या गुरुवार पेठेतलं आहे, आई अजून तिथल्याच वाड्यात राहते, आणि पर्युषणानंतरच्या तीन महिन्यांत मी तिच्याकडे तीन वेळा जाऊन आले. एकतीस वर्षं सासरी काढलेल्या बाईने तीन महिन्यांत तीन वेळा माहेर गाठलं की घरात त्याची चर्चा होतेच. कारणही तसंच होतं, ते पुढे सांगते.

आधी कौतुक करते, कारण ते खरं आहे. मढहून ओतूर, आळेफाटा, नारायणगाव करत निघालं की पुण्यात शिरेपर्यंत निम्मा दिवस जातो. चाकणची कोंडी तुम्हाला माहीतच आहे, तिथे गाडी उभी राहिली की माझ्या तीन माळा पूर्ण होतात. पूर्वी शिवाजीनगरला उतरलं की समोरच रिक्षा मिळायची. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवलं आणि आमच्या तालुक्यातल्या माणसांची फार तारांबळ झाली. हातात पिशव्या, सोबत लेकरं, आणि वाकडेवाडीहून पेठेत जायला रिक्षावाला मागेल ते पैसे. म्हणजे मेट्रोने आधी आमची सोय काढून घेतली आणि मग काही वर्षांनी परत दिली. आता मी नाशिक फाट्यालाच एसटीतून उतरते, जिना चढून मेट्रोत बसते, आणि वीस-पंचवीस मिनिटांत मंडईला बाहेर येते. तिकीट दहा रुपयांपासून सुरू होतं. जागा मिळते, घाम येत नाही, कोणी धक्का मारत नाही. माझ्या वयाच्या बाईला याचं मोल कळतं.

माझी भाची पिंपरीला नोकरी करते. ती पूर्वी घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा, त्यामुळे चौविहार करायची इच्छा असूनही जमत नसे. डब्यातलं खाऊन घ्यायची आणि घरी आल्यावर नुसती बसायची. आता उन्हाळ्यात तरी ती सूर्यास्ताच्या आत स्वारगेटला असते. तेव्हा मेट्रोने धर्म बुडतो असं म्हणणाऱ्या आमच्या एका काकांशी मी सहमत नाही. उलट काही घरांत ती नियम पाळायला मदत करते आहे.

रस्ता कसा आला, तेही थोडक्यात सांगते. मार्च २०२२ मध्ये पुण्याची मेट्रो थोड्या थोड्या तुकड्यांत सुरू झाली. पिंपरीकडून येणारी गाडी ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयापर्यंत पोचली, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला तिथून स्वारगेटपर्यंतचा भाग उघडला. हा तुकडा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, पण सगळा जमिनीखाली, आणि मुठा नदीच्याही खालून. जिल्हा न्यायालयाचं स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली घर जमिनीत पुरावं तसं. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नावं दिली होती. नदीखालून जायचं आणि नाव नदीचंच, हे मला आवडलं. मधली दोन स्थानकं कसबा पेठ आणि मंडई. कसबा पेठेच्या स्थानकाचं नाव आधी बुधवार पेठ ठेवलं होतं, ते लोकांच्या मागणीवरून बदललं. पेठेतल्या लोकांना नावाचं फार असतं, ते मी लहानपणापासून पाहते आहे. आमच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ होतं, पण ते आता कोणी घेत नाही.

मंडईच्या स्थानकातून सरकत्या जिन्याने वर आलं की पहिल्यांदा कोथिंबिरीचा वास येतो. खाली सगळं गुळगुळीत, थंड, दिव्यांनी लखलखलेलं, आणि वर पाऊल टाकलं की ओले गोणपाट, कोबीची पानं, हमालांची हाळी. मला तो क्षण फार आवडतो. मंडईतली एक भाजीवाली आमच्याच भागातली, नारायणगावजवळची. ती आईला गेली तीस वर्षं भाजी देते. आई लांबून दिसली की ती बटाट्याची पाटी बाजूला सारते, आणि आज आठम किंवा चौदस आहे का हे आमच्या सुनांपेक्षा तिला आधी ठाऊक असतं. "आज्जी, आज हिरवं नाही ना? मग वाल घ्या, कडधान्य घ्या," म्हणते. मेट्रो आल्यापासून धंदा कसा आहे, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "गर्दी लय वाढली ताई, पण पिशवी कमी झाली." माणसं येतात, फोटो काढतात, तुळशीबागेत जातात, दगडूशेठचं दर्शन घेतात. मात्र रोजची पाव किलो गवार घेणारी घरं आसपासची असतात, आणि ती कमी होत चालली आहेत.

तिच्या या एका वाक्यातच माझं मत आलं आहे. मेट्रोने पेठेत येणं सोपं केलं, पण राहणं त्याच वेळी महाग आणि अनिश्चित होत चाललं आहे.

मंडईच्या इमारतीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ही दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली आणि तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कोणी ऐकलं नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. आज मंडईशिवाय पुण्याची कल्पनाच करता येत नाही, म्हणजे इमारत वाया गेली असं कोणी म्हणणार नाही. पण जोतीरावांचा प्रश्न अजून तिथेच आहे: सार्वजनिक पैशातून काहीतरी मोठं उभं राहतं, तेव्हा त्याचा फायदा नेमका कोणाच्या घरात जातो?

आता आईच्या वाड्याकडे येते. मंडईहून चालत दहा-बारा मिनिटं. आई एकोणऐंशीची आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे लाकडी कठड्याचा सज्जा, संडास मागच्या अंगाला तळमजल्यावर. पावसाळ्यात माळ्याखाली दोन घमेली ठेवावी लागतात. गोडीजी पार्श्वनाथाचं देरासर जवळ आहे म्हणून ती तिथे टिकून आहे, नाहीतर भावाने तिला केव्हाच बिबवेवाडीला नेलं असतं. आम्ही भाडेकरू. भाडं महिन्याला तीन आकडी, आजही. घरमालकाची तिसरी पिढी आहे, माणसं वाईट नाहीत. इतकी वर्षं वाडा पाडायचा विषय नुसता निघायचा आणि विरायचा. मेट्रो सुरू झाली आणि सहा महिन्यांत कागद आले.

याचं कारण समजून घ्यायला मला वेळ लागला. मेट्रोच्या स्थानकापासून ५०० मीटरच्या आत बांधकामाला जास्त चटईक्षेत्र मिळतं, चारपर्यंत. सोप्या भाषेत सांगायचं तर जमिनीच्या चौपट बांधता येतं. हेतू चांगला आहे: स्थानकाजवळ जास्त लोक राहिले तर गाड्या कमी लागतील. पण पुरते चार मिळायला रस्ता रुंद लागतो आणि प्लॉट मोठा लागतो. पेठेतला बोळ आणि वाडा यांत ते बसत नाही. म्हणून शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र करायची खटपट सुरू होते. मग एका वाड्याचे सहा भाडेकरू ही अडचण न राहता तीन वाड्यांचे पंचवीस भाडेकरू ही अडचण होते. आमच्या वाड्याच्या बाबतीत तर अजून एक गंमत आहे. स्थानकापासूनचं ५०० मीटरचं वर्तुळ काढलं तर ते आमच्या आसपास कुठेतरी संपतं. आत आहोत की बाहेर, यावरून मालक आणि बिल्डर यांच्यातच वाद आहे. आई मला म्हणाली, "नकाशावरची रेघ देवघरातून गेली तर मी कोणत्या बाजूला?" ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

कसब्याकडे याच्या उलट अडचण आहे. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे तिथले कितीतरी जुने वाडे धड दुरुस्त होत नाहीत आणि धड पडत नाहीत. एका हाकेच्या अंतरावर एका वाड्याला चौपट आणि दुसऱ्याला काहीच नाही. तांबट आळीत आजही हातोड्यांचा आवाज येतो, पण तो किती वर्षं येईल ते त्या घरांच्या भिंती ठरवतील.

पेठा याआधीही रिकाम्या झाल्या आहेत, हे माझ्या वडिलांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे गेले. तिथली माणसं सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली. ती गेली ती गेलीच, पुन्हा पेठेत राहायला फार थोडे आले. इकडे मढला आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या एका बाबांची जमीन पिंपळगाव जोग्याच्या पाण्यात गेली आहे. मी त्यांना आईच्या वाड्याची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "भाभी, आम्हाला पाणी चढताना दिसत होतं. तुमच्या आईला काय दिसतंय?" आईला काहीच दिसत नाही, हाच तर त्रास आहे. जमिनीखालून गाडी जाते, तिचा आवाजही येत नाही, आणि वर भाव चढतात.

माझी वहिनी या सगळ्याला भावनेचा गुंता म्हणते. तिची बाजू मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण तीच आईला दर रविवारी डॉक्टरकडे नेते, मी नाही. ती म्हणते, रात्री दोन वाजता आई अंधारात जिना उतरून संडासला जाते, हे तुम्हाला मढला झोपेत दिसत नाही. लिफ्ट हवी, आत संडास हवा, भिंतीला ओल नको. जुनं जपा म्हणणारे लोक स्वतः फ्लॅटमध्ये राहतात. यातलं एक अक्षरही खोटं नाही. वाडा पडायला हवा, मला त्यात शंका नाही. लाकूड किडलं आहे आणि भिंत फुगली आहे. वाडा जपण्याचं जे कौतुक वर्तमानपत्रात छापून येतं, ते बहुधा वाड्यात न राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की वाडा पडला तरी आई पेठेतच राहावी. समोर दोन पर्याय ठेवले आहेत. एक म्हणजे रोख पैसे घ्या आणि सोडा. भावाचा कल याकडे आहे. दुसरा म्हणजे तीन वर्षं बाहेर राहा आणि मग नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर लहान फ्लॅट घ्या. तीन वर्षं हे ऐकून आई म्हणाली, "त्यांची तीन वर्षं आणि माझी तीन वर्षं एक नाहीत रे." घर पाडून नवं बांधायचं असेल तर जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची तरतूद भाडे नियंत्रण कायद्यात आहे. पण ती जागा कोणत्या मजल्यावर, किती दिवसांत, आणि मधल्या काळात त्या म्हाताऱ्या माणसाने कोणत्या गल्लीत राहायचं, हे सगळं ज्याच्या हातात कागद असतो तो ठरवतो.

आता मजल्याचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते कळत नाही. आपल्या साध्वीजी महाराज वाहनात बसत नाहीत, तशा लिफ्टमध्येही जात नाहीत. पायीच जिना चढतात. गोचरी एका घरातून पोटभर घ्यायची नसते, थोडं थोडं घ्यायचं असतं, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम रांधलेलं चालत नाही. म्हणजे उपाश्रयाच्या आसपास, चालत जाता येतील अशी, आपल्या पद्धतीने स्वयंपाक होणारी पुष्कळ घरं लागतात. माझ्या लहानपणी आमच्या बोळात एका बाजूला सलग घरं होती. साध्वीजी अर्ध्या तासात फिरून यायच्या, आणि 'धर्मलाभ' ऐकू आलं की आई हातातलं काम टाकून उठायची. आता त्यातली निम्मी घरं बिबवेवाडी, कोंढवा, गुलटेकडीला गेली आहेत. जिथे नवी इमारत झाली तिथे तळाला दुकानं, वर दोन मजले पार्किंग, आणि घरं पाचव्या मजल्यापासून. या चातुर्मासात एक वयस्क साध्वीजी आईकडे आल्या तेव्हा आईने त्यांना खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत, पण म्हणाल्या, तुमचं घर पहिल्या मजल्यावर आहे हे बरं आहे. कार्तिकी पौर्णिमा झाली, त्यांचा विहार सुरू झाला. पुढच्या वर्षी ज्या येतील त्यांना सात मजले चढावे लागतील.

हा नुसता आपल्या समाजाचा प्रश्न आहे असं समजू नका. साध्वीजींच्या जागी पायांनी चालणारं कोणीही ठेवा. दुधाची किटली घेऊन येणारा, घरोघरी धुणीभांडी करणारी बाई, पोस्टमन, हातगाडीवाला. स्थानकाला लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, आंधळ्या माणसाला चालता यावं म्हणून फरशीवर उंचवट्याच्या पट्ट्या आहेत. बाहेर पडल्यावर पन्नास पावलांत पदपथ संपतो आणि दुचाक्या अंगावर येतात. मंडई ते गुरुवार पेठ हे अंतर आईने गेल्या महिन्यात माझ्यासोबत चालून पाहिलं. तीन ठिकाणी तिला रस्त्याच्या मधून चालावं लागलं. मेट्रोने तिला स्वारगेटहून मंडईला सहज आणून सोडलं असतं, असं भाऊ म्हणतो. आणून सोडेलही, पण शेवटची दहा मिनिटं तिला कोण आणणार? देरासरला रोज जाणारी बाई दिवसातून एकदा नाही, दोनदा जाते. पूजेला आणि संध्याकाळी दर्शनाला. दोन वेळा रिक्षा, मेट्रो आणि चालणं हे ऐंशीच्या बाईने करायचं का?

मुंबईत गिरगाव-काळबादेवीला हेच झालं. तिकडची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. (वरळीच्या एका स्थानकाला आचार्य अत्रे चौक असं नाव आहे, मंडईवाल्या अत्र्यांना ते आवडलं असतं.) तिथे पारशी बांधव त्यांच्या आतश बेहरामच्या खालून बोगदा जातो म्हणून २०१८ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. माझं गाऱ्हाणं तसं नाही. देरासराखालून काय जातं याची मला चिंता नाही, देरासराभोवती कोण राहतं याची आहे. पण गिरगावकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्थानकांसाठी ज्या चाळी पाडल्या, तिथल्या कुटुंबांना त्याच भागात नव्या इमारतीत घर द्यायची जबाबदारी मेट्रोच्या महामंडळानेच अंगावर घेतली. त्याला वर्षानुवर्षं लागली, लोक भाड्याच्या घरात खितपत पडले, तेव्हा ते सगळं गोड होतं असं नाही. तरी तत्त्व ठरलेलं होतं: तुमच्या जागेमुळे मेट्रो झाली, तर तुम्ही इथेच राहाल. पुण्यात स्थानकाच्या जागेवरची घरं हलवली, त्यांचं पुनर्वसन लांब झालं. कामगार पुतळ्याजवळच्या वस्तीतली माणसं विमाननगर आणि हडपसरकडे गेली. आणि स्थानकाच्या आसपासच्या भाडेकरूंचा तर कोणी विचारच केला नाही, कारण त्यांचं घर मेट्रोने घेतलेलंच नाही. ते मेट्रोमुळे वाढलेल्या भावाने घेतलं, आणि भावावर अर्ज करता येत नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे तर मेट्रो नाही आणि रेल्वेही नाही. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगाववरून जाणार म्हणून जमिनीचे भाव आधीच चढले, आणि मग खोडदच्या जीएमआरटीच्या दुर्बिणींना अडथळा होईल म्हणून तो मार्ग बदलायचं ठरलं. रेल्वे आली नाही तरी काही शेतं हातची गेलीच. म्हणून मेट्रो म्हटलं की माझ्या डोक्यात गाडीच्या आधी सातबारा आणि भाडेपावती येते.

२९ सप्टेंबरला मंडईचा भाग उघडला, त्याच दिवशी स्वारगेट ते कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या विस्ताराचं भूमिपूजन झालं. मार्केट यार्ड, पद्मावती ही नावं त्यात आहेत. पेठेतून निघून जिथे आपली माणसं जाऊन बसली, तिथेच आता पुढची स्थानकं येणार. भावाची सोसायटी चाळीस वर्षांची झाली आहे. आईला तिकडे नेलं आणि पाच-सहा वर्षांत तिथेही कागद आले, तर तिला आणखी कुठे नेणार, असं मी त्याला विचारलं. तो गप्प बसला. वहिनी म्हणाली, तेव्हाचं तेव्हा.

गेल्या विसर्जनाला मेट्रो सलग ४१ तास चालली. आईच्या सज्जातून ढोलांचा आवाज रात्रभर येत होता, आणि बोळात अनोळखी पोरंपोरी वडापाव खात बसली होती. आईने त्यांना पाणी दिलं, तेही आपल्या पद्धतीने उकळून गार केलेलं. एका मुलीने तिला विचारलं, "आजी, तुम्ही अजून इथे राहता?" आईला तो 'अजून' लागला. तीन दिवस ती तेच बोलत होती.

तर मी केलं काय, ते सांगते. भावाशी भांडून काही होणार नव्हतं. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले आणि वाड्यातल्या सहाही भाडेकरूंना एकत्र बसवलं. त्यात एक कोष्टी कुटुंब आहे, एक मुस्लिम बोहरी आजोबा आहेत, बाकी आपली घरं. सगळ्यांनी मिळून कराराच्या मसुद्यात तीन कलमं घालायला सांगितली. पहिलं, साठीच्या पुढच्या भाडेकरूला दुसऱ्या मजल्याच्या वर घर द्यायचं नाही, लिफ्ट असो वा नसो. दुसरं, बांधकामाच्या काळात राहायला जे घर मिळेल ते याच पेठेत किंवा शेजारच्या पेठेत असावं, आणि त्याचं भाडं बिल्डरने थेट द्यावं. तिसरं माझ्या हट्टाचं आहे: तळमजला सगळाच्या सगळा दुकानं आणि पार्किंगला न देता पुढे एक ओटा ठेवायचा, बसायला, भाजी निवडायला, कोणी दमून आलं तर टेकायला.

पहिलं त्यांनी मान्य केलं. दुसऱ्यावर "बघू" म्हणाले. तिसरं वाचून त्यांच्या माणसाने कागद खाली ठेवला आणि मला विचारलं, "बाई, ओट्याचा भाव चौरस फुटाला किती धरायचा?" मी त्याला म्हटलं, समोरच्या दुकानाचा धरा, आणि तो आमच्या सहा घरांच्या चटईतून वजा करा, सहा जण मिळून सोसू. बोहरी आजोबांनी लगेच मान डोलावली. आई काही बोलली नाही, पण तिने आपल्या हातातली जपमाळ डबीत ठेवली आणि सही कुठे करायची ते विचारलं. सह्या अजून व्हायच्या आहेत. पुढची बैठक मौन एकादशीनंतरच्या रविवारी ठेवली आहे.